मुरगावची रेल्वे आणि बंदर : कोळशावर भांडताना मागची दीडशे वर्षंही बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोळसा, डबल ट्रॅकिंग (म्हणजे रेल्वेचा दुसरा ट्रॅक टाकणं) आणि मुरगाव बंदर या विषयावर आपल्या पेपरात बरीच पत्रं येतात, मी बाजूची पण वाचतो आणि विरोधातली पण. एक गोष्ट मात्र सारखी खटकते. सगळ्यांचं बोलणं अशा थाटाचं असतं की मुरगावहून घाट चढून कर्नाटकात जाणारी ही लाईन आणि हे बंदर पंधरा वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आणून ठेवलं. एकजण लिहितो रेल्वे म्हणजे गोव्याचा विकास, दुसरा लिहितो ही रेल्वे कोळसेवाल्यांनी आणली. अहो ही लाईन १८८० च्या दशकातली आहे आणि ती कुणाच्या मालासाठी घातली, हमी कुणी दिली, फायदा कुणाला झाला हे सगळं कागदोपत्री आहे. ते माहीत असलं तर आजच्या वादातले निम्मे प्रश्न आपोआप सरळ होतात असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे लांबलचक पत्र. जागा नसेल तर दोन भागात छापा पण इतिहासाचा भाग कापू नका ही विनंती.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरीकडून कापूस हवा झाला. धारवाड, हुबळी, गदग हा पट्टा कापसाचा, पण मध्ये सह्याद्री आडवा. तेव्हा आधी नाव निघालं ते कारवारचं, कारवारला बंदर करायचं आणि तिथून हुबळीला रस्ता नि रेल्वे न्यायची असं बरीच वर्षं चाललं होतं. कारवारची ती रेल्वे काही झाली नाही, हुबळी अंकोला लाईनचा विषय अजून लोंबकळतोय हे आपण बघतोच. मग १८७६ ते ७८ दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि आतल्या मुलखाला समुद्राशी जोडणारी रेल्वे पाहिजे हे इंग्रजांना पटलं. मुरगावचं बंदर कारवारपेक्षा सोयीचं, डोंगराच्या आडोशाला, जुवारीच्या मुखाशी. पोर्तुगिजांना तर या जागेचं महत्त्व कधीपासून ठाऊक होतं, किल्ला १६२४ चा, आणि १६८३ साली संभाजी महाराज गोव्यावर चालून आले तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने राजधानीच उचलून मुरगावला न्यायचं ठरवलं होतं, कामाला सुरुवात पण झाली होती. तर अशी ही जागा.

२६ डिसेंबर १८७८ ला इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बनला करार झाला. हा करार गोव्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. १८८० पासून १२ वर्षांचा करार. त्यात मुरगाव ते हुबळी रेल्वेचं कलम होतं, आणि त्याच्याबरोबर काय काय होतं बघा. गोव्याची आणि ब्रिटिश हिंदुस्थानची जकात एक झाली, म्हणजे जकातीचे दर तिकडचे ते इकडे लागू. गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, किती पिकवायचं आणि कुणाला विकायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि या सगळ्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. दारूवरचा अबकारी कर पण त्यातच आला. गोव्याचं मीठ तोवर बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जात होतं, कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत जात होतं. मिठागरात राबणारी माणसं आणि माडावर चढून सूर काढणारे रेंदेर, दोघांच्या पोटावर हा करार आला. मुंबईला आणि पुढे आफ्रिकेला जाणाऱ्या गोंयकारांची संख्या त्या वर्षांत वाढत गेली त्यामागे हे पण एक कारण आहे. म्हणजे रेल्वे आली ती फुकट नाही आली, मिठागरवाल्यांनी आणि रेंदेरांनी तिची किंमत पहिल्या दिवसापासून मोजलीय. त्यांना कुणी विचारलं होतं का, अजिबात नाही, विचारायची पद्धतच नव्हती.

कंपनी लंडनमध्ये उभी राहिली, १८८१ साली, नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी. ड्यूक ऑफ सदरलँडसारखे बडे लोक त्यात होते. गॅरंटी म्हणजे काय तर भागधारकांनी जे भांडवल घातलं त्याच्यावर ठरलेलं व्याज पोर्तुगीज सरकारने द्यायचं, गाडीला माल मिळो न मिळो. आजच्या भाषेत सांगायचं तर फायदा कंपनीचा आणि तोटा सरकारी तिजोरीचा. आजही असे करार होतात म्हणून हे ठळक लिहितोय.

काम मात्र जबरदस्त झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. १८८७ मध्ये मुरगावपासून आमच्या सावर्ड्यापर्यंत गाडी आली आणि १८८८ मध्ये थेट घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉकपर्यंत. मीटर गेज, गोव्यातली लांबी साधारण ८२ किलोमीटर. सोबतच बंदरात ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) आणि धक्का, म्हणजे रेल्वे आणि बंदर ही एकाच योजनेची दोन टोकं, एक दुसऱ्याशिवाय निरुपयोगी. पायथ्याचं कुळे ते कॅसल रॉक हा घाट साधारण २६ किलोमीटरचा, चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मुख्य लाईनवर एवढा चढ देशात फार थोड्या ठिकाणी आहे. बोगदे, दूधसागरसमोरचा तो कमानींचा पूल, हे सगळं जंगलात, हिवतापात, सुरुंग लावून, माणसांच्या हातांनी केलं. किती माणसं त्यात गेली त्यांची नावं कुठेच नाहीत. घाटाला नाव मिळालं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा घाट. आज लोक दूधसागरला फोटो काढायला जातात, चांगलं आहे, पण ज्यांनी तो पूल बांधला त्यांच्यासाठी तिथे एक साधी पाटी तरी लावा असं मी रेल्वेला आपल्या पेपरमार्फत सांगू इच्छितो.

आता मूळ मुद्दा. एवढी मोठी लाईन, एवढं बंदर, आणि पुढे काय झालं? कापूस आलाच नाही. म्हणजे आला, पण ज्या हिशेबाने सगळं उभं केलं होतं त्या मानाने फारच थोडा. कारण सदर्न मराठा रेल्वेने त्याच सुमाराला पुणे ते लोंढा लाईन पूर्ण केली, १८९० पर्यंत ती जोडली गेली, आणि हुबळी धारवाडच्या व्यापाऱ्याला मुंबईचा रस्ता मोकळा झाला. मुंबईत बाजार, मुंबईत गिरण्या, मुंबईत दलाल, मुंबईत जहाजं, मग मुरगावला माल कोण पाठवणार. त्यात १८९२ ला तो १२ वर्षांचा करार संपला आणि पुढे चालू राहिला नाही, परत सीमेवर जकात आली, कुळ्याला पोर्तुगिजांचं कस्टम आणि कॅसल रॉकला इंग्रजांचं. लाईन तोट्यात, आणि गॅरंटीचं व्याज मात्र सरकारच्या बोकांडी वर्षानुवर्षं. शेवटी १९०२ मध्ये ही लाईन चालवायलाच सदर्न मराठा रेल्वेकडे दिली, म्हणजे जिने माल पळवला तिच्याच हातात. १९०८ पासून ती झाली मद्रास अँड सदर्न मराठा.

यातून मला जे दिसतं ते असं. ही लाईन गोव्यातला माल बाहेर नेण्यासाठी किंवा गोव्याला लागणारा माल आत आणण्यासाठी कधी आखलीच नव्हती, ती दुसऱ्याचा माल गोव्यातून पलीकडे नेण्यासाठी आखली होती, आणि असा माल कुणाचा सगा नसतो, त्याला दुसरीकडे दोन पैसे स्वस्त पडलं की तो निघून जातो. मागे राहतं कर्ज आणि कापलेला डोंगर. १८९० मध्ये हे झालं, लोहखनिजाचं झालं, कोळशाचं होणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

लोकांना मात्र या गाडीचा उपयोग झाला हे पण लिहिलंच पाहिजे, नाहीतर पत्र एकांगी होईल. वास्को शहर या रेल्वे आणि बंदरामुळेच वसलं. मुंबईला जाणाऱ्या माणसाला एक तर पणजीहून आगबोट किंवा मग ही गाडी, पावसाळ्यात आगबोट बंद म्हणजे गाडीच. मडगावला किंवा कुडचड्याला बसायचं, कुळ्याला ट्रंका उघडून दाखवायच्या, वर कॅसल रॉकला परत उघडून दाखवायच्या, लोंढ्याला गाडी बदलायची, पुण्याला मीटर गेजमधून ब्रॉड गेजमध्ये चढायचं आणि मग मुंबई. आमच्या घरातल्या दोन पिढ्या अशाच गेल्या आल्या. गिरगावातले गोंयकार, बोटीवर नोकरी करणारे तारवटी, तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं करणारे, भजनी मंडळं, नाटकवाले, सगळे या एका रुळावरून. बेळगाव धारवाडहून तांदूळ, भाजी, गुरं इकडे यायची. वास्कोला सडा, बायणा, मांगोर हिल इकडे जी मराठी आणि कानडी वस्ती आहे ती बंदराच्या हमालीसाठी, रेल्वेच्या गँगमध्ये कामासाठी आलेल्यांची, बेळगावकडची, मालवणकडची, कारवारची. या लोकांच्या मुलाबाळांना आज कुणी परके म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं, या बंदराचा प्रत्येक दगड त्यांच्या पूर्वजांनी उचललाय. आणि बंदरात माल कमी असला की उपाशी पण आधी तेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ म्हणून जर्मन जहाजं मुरगावच्या आश्रयाला येऊन थांबली, एहरनफेल्स, ड्राखनफेल्स, ब्राउनफेल्स आणि एक इटालियन आन्फोरा. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या तुकडीने हल्ला केला आणि चारही जहाजं तिथेच बुडाली. यावर पुष्कळ लिहून आलंय त्यामुळे मी जास्त लिहीत नाही. १९५५ ला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली आणि वरून येणारी गाडी थांबली, ती १९६१ च्या मुक्तीपर्यंत. १८ डिसेंबर १९६१ ला याच बंदराच्या तोंडाशी अफोन्सो दे आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका आपल्या नौदलाने निकामी केली.

मुरगाव बंदराला खरा धंदा मिळाला तो रेल्वेने नाही तर खनिजाने, आणि खनिज मुख्यतः आलं बार्जने मांडवी आणि जुवारीतून. युद्धानंतर जपानला पोलादासाठी लोहखनिज हवं होतं, सीमा बंद झाल्यावर भारताने केलेल्या नाकेबंदीच्या काळात तर पोर्तुगिजांनी खाणींनाच हात दिला. मुक्तीनंतर मुरगाव देशाचं मोठं बंदर झालं, १९६४ ला पोर्ट ट्रस्ट, १९७९ ला खनिज भरायची मोठी यंत्रणा बर्थ नंबर ९ वर. होस्पेटकडचं खनिज रेल्वेने घाट उतरून यायचं, आमच्या सांगे केपेची खनिजाची ट्रक वाहतूक तर कुडचडेवाल्यांनी धूळ खात वर्षानुवर्षं सोसली. २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास निर्यात होत होती. २०१२ मध्ये खाणी बंद, नंतर थोड्या सुरू, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद. ट्रकवाल्यांनी घेतलेली कर्जं, रिकामे पडलेले बार्ज, हे आपण डोळ्यांनी बघितलं. बंदराला मग जागा भरायला माल पाहिजे, आणि तो माल म्हणजे कोळसा.

कोळसा या लाईनीवर आधी पण होता, पण तो वाफेच्या इंजिनाच्या पोटात जाण्यापुरता. आताचा कोळसा परदेशातून जहाजाने मुरगावला येतो आणि रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत भरून वर कर्नाटकात बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. इथे एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण ती मी आजवर कुठल्याच पत्रात वाचली नाही. १८८० साली या घाटाची आखणी झाली तेव्हा भरलेली गाडी वरून खाली येणार असं धरलं होतं, कापूस आणि धान्य घाट उतरून बंदराकडे. होस्पेटचं खनिज पण उतरूनच यायचं. भरलेली गाडी उतरवायची म्हणजे ब्रेक सांभाळावे लागतात, म्हणून कॅसल रॉकला आजही गाडी थांबवून ब्रेक तपासतात आणि घाटात कॅच सायडिंग (ब्रेक न लागलेली गाडी वळवून थांबवायचे फाटे) ठेवलेली आहेत. कोळशाचं उलटं आहे, हजारो टनांचा भरलेला रेक १:३७ चा चढ चढतो, पुढे इंजिनं, मागून ढकलायला बँकर इंजिनं, वेग बैलगाडीचा, आणि तोवर ती एकच लाईन अडून राहते. दुसऱ्या ट्रॅकची घाई का हे इथे समजतं. पॅसेंजरसाठी दुसरा ट्रॅक पाहिजे असं जे सांगतात त्यांनी वास्को कुळे पॅसेंजर दिवसातून किती वेळा धावते ते टाइमटेबलमध्ये बघावं आणि मग बोलावं. आणि दुसरा ट्रॅक टाकला म्हणून डोंगराचा चढ थोडाच कमी होणार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने हेच म्हटलं होतं की एवढं जंगल कापून क्षमतेत फायदा थोडाच, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या अभयारण्यातल्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. खाली वास्कोच्या बाजूला मात्र काम बरंच पुढे गेलंय. मग वर एक लाईन आणि खाली दोन, याचा हिशेब काय?

२०१७ ला बंदरातल्या कोळशाच्या प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावणी झाली ती एका दिवसात आटोपली नाही एवढे लोक बोलायला उभे राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला दुसऱ्या ट्रॅकच्या विरोधात हजारो माणसं रात्रभर रुळांवर बसली. त्यात सगळे होते, हिंदू, ख्रिस्ती, शेतकरी, कॉलेजची मुलं, म्हाताऱ्या बायका. वास्कोच्या खारीवाड्याचे रापणकार (रापण ओढणारे मच्छीमार) तर किती वर्षं भांडतायत की वास्कोची खाडी आमची आहे. या लोकांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, १८७८ साली मिठागरवाल्यांना आणि रेंदेरांना तोंड उघडायची संधी नव्हती, आज आहे, मग तिचा वापर केला तर गुन्हा काय झाला? लाईनीलगतच्या घरात खिडकीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, तिथे एक महिना राहून मग बोला. आमच्या नात्यातलं एक कुटुंब तिथे राहतं, घरात दम्याचं मूल आहे, त्यांनी तक्रार केली तर उत्तर आलं की सगळं मर्यादेत आहे. मर्यादेत असेल तर रोजचे आकडे मराठीत आणि कोंकणीत स्टेशनच्या बाहेर लावा ना, लपवायचं कशाला. वॅगन पूर्ण झाकून न्या. किती टन आला, किती टन गेला, गोव्याच्या तिजोरीत त्यातलं काय पडलं आणि रस्ते, दवाखाने, शेती यावर काय खर्च आला हे दरवर्षी विधानसभेत मांडा. मी रेल्वेच्या विरोधात नाही, उलट वास्को कुळे मार्गावर लोकांसाठी जास्त गाड्या सोडा, कामगारांना नि कॉलेजच्या मुलांना बसच्या निम्म्या पैशात जाता येईल, आमची कुडचड्याची मुलं मडगावला शिकायला जातात त्यांना विचारा.

शेवटी आपल्या पेपरकडे एक मागणी. पणजीच्या पुराभिलेख खात्यात, जे १५९५ पासूनचं आहे, पोर्तुगीज काळाचे कागद आहेत. १८७८ चा करार, १८८१ चा कंपनीशी झालेला करारनामा आणि गॅरंटीपोटी दिलेल्या पैशाचे हिशेब यांचं मराठी भाषांतर रविवारच्या पुरवणीत क्रमाने छापा. पोर्तुगीज शिकलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणखी काही वर्षांनी हे कागद वाचून दाखवणारं घरोघरी कुणी राहणार नाही. कुडचडे, सावर्डे, केपे, मडगाव भागात असे ज्येष्ठ कुणी असतील आणि त्यांची तयारी असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं, जाण्यायेण्याची आणि टायपिंगची व्यवस्था आम्ही इथले काही वाचक मिळून करू, तसं आमचं बोलणं झालंय. पावसाळ्याआधी पहिला भाग छापून यावा एवढीच इच्छा.

आपला,
एक नियमित वाचक
कुडचडे, गोवा